वयाची हद्द कायम मोजणी

पुण्याहून सोलापूरच्या हमरस्त्याला लागून उरुळी कांचन मागे टाकले आणि यवत अजून यावयाचे असले, की मध्ये जे कासुर्डी नावाचे गाव लागते, आणि टोलवसुली बंद होऊनही वाहनचालकांच्या जिभेवर ज्याची ओळख अद्याप टोलनाक्यानेच होते, त्या गावच्या शेतकऱ्याला आपल्या जमिनीच्या चतुःसीमा विचारून पाहाव्यात. पूर्वेस कोण, पश्चिमेस कोण, दक्षिणेची चारी कोठून कोठे जाते आणि उत्तरेच्या सरबांधावरची बाभूळ नेमकी कोणाच्या हिश्शात उभी आहे, हे तो झोपेतून उठवला तरी बिनचूक सांगेल, आणि बाभळीचा मुद्दा निघालाच तर आजोबांच्या काळी झालेल्या दाव्याची तारीखवार कैफियतही ऐकवील. मात्र त्याच शेतकऱ्याला त्याचे वय विचारले, तर तो प्रथम विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो, मग त्याच्या हातातील कागदाकडे पाहतो, आणि अखेरीस प्रतिप्रश्न करतो, "कशासाठी पाहिजे?"

या प्रतिप्रश्नात अडाणीपणा आहे असे शहरातील वाचकांस वाटेल, तर तो त्यांचा गैरसमज होय. तारुण्य कोठे संपते, मध्यम वय कोठे सुरू होते आणि वार्धक्याची वेस नेमकी कोणत्या वर्षी ओलांडावयाची, या विषयावर धर्मशास्त्रकारांपासून मंत्रालयातील कक्ष अधिकाऱ्यांपर्यंत ज्यांनी ज्यांनी आजवर लेखणी उचलली, त्या सर्वांची उत्तरे एकत्र मांडून पाहिली असता कासुर्डीच्या शेतकऱ्याचा प्रश्नच काय तो मुद्द्याचा ठरतो. शास्त्रकारांनी शतायुषी मनुष्य गृहीत धरून त्याच्या आयुष्याचे पंचवीस पंचवीस वर्षांचे चार सारखे पोटहिस्से पाडले आणि पन्नाशी उलटताच त्याला वानप्रस्थाचा हुकूम दिला. पुरोहितवर्गाने त्याच पन्नासाव्या वर्षी वैष्णवी शांतीने आरंभ करून पुढे दर पाच वर्षांनी एकेक शांती योजून ठेवली, ज्यायोगे यजमानाचे वय वाढत असल्याचे यजमानाच्या नसले तरी पुरोहिताच्या अवश्य ध्यानात राहते. परंतु वनात जावयाचे म्हटले तर दौंड तालुक्यात वन फारसे उरलेले नाही, ऊस आहे. आणि तिन्हीसांजेला उसात शिरलेली आकृती या भागात वानप्रस्थी समजली जात नाही, बिबट्या समजली जाते.

वस्तुस्थिती अशी, की लोक वयाच्या हद्दी पाळीत नाहीत, कोरतात. बांध कोरण्याची कला ज्याने जवळून पाहिली आहे त्याला हे फोड करून सांगावयास नको: दर नांगरटीला फाळ बोटभर आत घालावयाचा, शेजाऱ्याने हटकलेच तर पूर्वी बैलाला आणि हल्ली ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला दोष द्यावयाचा, आणि दहा वर्षांत तो बांध एवढा बारीक करून ठेवावयाचा, की त्यावरून शेळीनेसुद्धा जीव मुठीत धरून जावे. तारुण्य एका अंगाने आणि वार्धक्य दुसऱ्या अंगाने असेच कोरीत आले, आणि परिणामी मध्यम वय नावाचा गट नकाशावर दिसतो, जागेवर मात्र सापडत नाही.

या कोरण्यास जे कागदोपत्री साहाय्य लागते ते सरकार व गुरुजी या दोघांनी मिळून पूर्वीच पुरवून ठेवले आहे. महाराष्ट्रातील खेड्यापाड्यांत आज साठी-सत्तरीच्या घरात असलेल्या मंडळींच्या जन्मतारखा पडताळणाऱ्यास असा भास व्हावा, की त्या काळच्या मातांनी १ जून हा एकच दिवस प्रसूतीसाठी मुक्रर केला होता. खरी हकीकत अशी, की शाळा जून महिन्यात उघडत. बाप पोराला दंडाला धरून आणी. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला पोहोचतो की नाही एवढी शास्त्रीय परीक्षा गुरुजी घेत. आणि बोट कानाला लागले रे लागले, की बोटांवर वर्षे मागे मोजून दाखल-खारीज रजिस्टरात १ जूनची तारीख टाकली जाई. पुढे आधार कार्ड आले, तेव्हा ज्यांच्याजवळ हा दाखलाही नव्हता त्यांनी अंदाजाने वय सांगितले, आणि यंत्राने आपल्या मनाने त्याला १ जानेवारी हा दिवस जोडून दिला. याशिवाय कोतवाल बुक, अर्थात गाव नमुना नंबर १४, हे जन्ममृत्यूच्या नोंदींचे जुने बाड आहेच. २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा दप्तरखान्यांतून ही बाडे झाडून पुसून बाहेर काढण्यात आली आणि मोडी वाचणाऱ्यांना, ज्यांच्याकडे त्यापूर्वी कोणी ढुंकूनही पाहत नव्हते, चहापाणी विचारले जाऊ लागले.

अशा रीतीने एकाच गृहस्थाजवळ दोन, आणि दैव बलवत्तर असल्यास तीन, जन्मतारखा जमा होतात. हा गोंधळ आहे असे मानणारा मनुष्य व्यवहारशून्य होय. ही संपत्ती आहे. निवृत्तीच्या वेळी एक तारीख कामाला येते, सवलतीच्या वेळी दुसरी, आणि तिसरी मुलीकडच्यांना सांगण्यासाठी राखून ठेवता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका अपघाताच्या नुकसानभरपाईच्या प्रकरणात असा निवाडा दिला, की आधार कार्ड हा जन्मतारखेचा पुरावा नव्हे, शाळेचा दाखला अधिक ग्राह्य. म्हणजे उपग्रह, संगणक, बुबुळांची छायाचित्रे आणि दहाही बोटांचे ठसे यांनी सुसज्ज अशा यंत्रणेला मागे सारून देशाच्या परमोच्च न्यायासनाने अखेर पोराच्या डाव्या कानावरच शिक्कामोर्तब केले.

आता तारुण्याकडे वळू. केंद्र शासनाच्या २००३ सालच्या युवा धोरणाने १३ ते ३५ या वयाच्या लोकांस तरुण म्हटले. २०१४ च्या धोरणाने तीच व्याख्या १५ ते २९ अशी आखडली. म्हणजे तिशी ओलांडलेले आणि पस्तिशीच्या आतले जे असंख्य लोक रात्री तरुण म्हणून निजले, ते सकाळी काहीच नसलेले असे उठले, आणि याबद्दल कोणी साधी नोटीसही बजावली नाही. तथापि ही बातमी या पट्ट्यातील कोणत्याही गावच्या तरुण मंडळापर्यंत पोहोचल्याचे आढळत नाही. तेथील अध्यक्ष गणपतीच्या वर्गणीची पावती फाडताना चष्मा कपाळावर चढवून कागद हातभर लांब धरतात, आणि मिरवणुकीत दोन पावले नाचून झाल्यावर ढोलाचा आधार घेऊन उभे राहतात. परंतु मंडळाच्या नावातील 'तरुण' हे विशेषण घटनेत लिहिलेले असल्यामुळे त्यांच्या गुडघ्यांचा त्यावर काहीच अंमल चालत नाही. हमरस्त्यावरील फ्लेक्स हा तर तारुण्याचा स्वतंत्र सुभा होय. तेथे 'युवा नेते' या पदवीस वयाची अट नसून छायाचित्राची अट आहे, आणि ते छायाचित्र गेल्या दशकातील असावे असा संकेत आहे.

इतिहासाशी ताडून पाहिले असता मौज अधिकच वाढते. ज्या वयात ग्रामपंचायतीच्या निवडणुकीस उभे राहण्याची पात्रता येते, त्या एकविशीच्या आसपास ज्ञानेश्वरांचे लौकिक कार्य आटोपले होते. पहिले बाजीराव १७४० साली रावेरखेडीस निवर्तले तेव्हा ३९ वर्षांचे होते; माळवा आणि बुंदेलखंड उरकून, दिल्लीच्या वेशीपर्यंत घोडी दौडवून झाल्यानंतर नायब तहसीलदाराच्या परीक्षेस बसावे असे त्यांनी मनात आणले असते, तर खुल्या प्रवर्गाची मर्यादा ३८ असल्याकारणाने त्यांचा अर्ज फेटाळला गेला असता. फार मागे जावयास नको. शेजारच्या बारामती तालुक्यातले शरद पवार १९७८ साली अडतिसाव्या वर्षी मुख्यमंत्री झाले. त्या वयाचे हल्लीचे होतकरू गृहस्थ फ्लेक्सवर 'भावी सरपंच' असतात, आणि पुढील दोन निवडणुका तरी 'भावी'च राहण्याची त्यांची तयारी असते.

तारुण्य लांबण्यास सर्वथा राजकारण कारण आहे असे नव्हे. काही अंशी सोयरीकही आहे. शेतकरी मुलाला मुलगी मिळेनाशी झाल्यापासून लग्न होईपर्यंत त्याचे वय वाढू द्यावयाचे नाही असा कुटुंबातील सर्वांचा एकमताने ठराव झालेला असतो. परिचयपत्रावर तो गेली काही वर्षे एकोणतीसच आहे. याच हमरस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, सोलापुरात, डिसेंबर २०२२ मध्ये अविवाहित तरुणांनी नवरदेवाच्या पोशाखात, काहींनी तर घोड्यावर बसून, जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला होता. लोक हसले. हसणाऱ्यांत ज्यांच्या घरी पस्तिशीचा मुलगा आहे असे बाप नव्हते.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र हद्दी कोरण्याचा अधिकार त्यांच्या हाती कधीच नव्हता. त्यांच्या वयाची मोजणी सदैव इतरांनीच केली. १८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने मर्यादा दहावरून बारावर नेली तेव्हा पुण्यात केवढा गदारोळ उठला होता. १९३० पासून अमलात आलेल्या सारडा कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय १४ ठरविले. आणि ते १८ होण्यास १९७८ साल उजाडावे लागले. म्हणजे आज नव्वदीत असलेल्या कित्येक आजींना तारुण्य असे लाभलेच नाही: परकर सुटला, लुगडे आले, आणि चाळिशी गाठण्यापूर्वी त्या नातवंडे खेळवू लागल्या. जावई आला की त्याच्या सासूने म्हातारीसारखे वागावे, मग तिचे केस काळेभोर का असेनात, असा दंडक होता. सासऱ्याने मात्र त्याच मांडवात फेटा बांधून मिशांना पीळ भरावा. या शतकानुशतकांच्या अन्यायाचे परिमार्जन शासनाने जुलै २०२४ मध्ये एका फटक्यात केले. 'लाडकी बहीण' योजनेची वरची मर्यादा प्रथम ६० आणि काही दिवसांतच ६५ अशी जाहीर झाली, आणि आजेसासू झालेल्या बाईसुद्धा सरकारदप्तरी लाडक्या ठरल्या. पासष्ट पूर्ण होताच हा लाडकेपणा संपुष्टात येतो, हे खरे. पण घरच्या माणसांनी तो त्यापूर्वी कैक वर्षे संपविलेला असल्याने त्यात नवे दुःख नाही.

वार्धक्याच्या हद्दीवर सर्वांत मोठी गर्दी आहे, कारण तेथे वाटप आहे. राज्य शासनाच्या नोकरास ५८ व्या वर्षी घरी पाठविले जाते, केंद्राच्या नोकरास ६० व्या. तेव्हा यवतच्या स्टेशनमास्तरापेक्षा यवतचा तलाठी दोन वर्षे आधी म्हातारा होतो. महाराष्ट्राच्या ज्येष्ठ नागरिक धोरणात ६५ ही मर्यादा होती, ती २०१८ मध्ये ६० झाली. परंतु एसटीने हे वार्धक्य मानले नाही आणि अर्ध्या तिकिटासाठी पासष्टीचाच आग्रह धरला. रेल्वे पुरुषांस साठाव्या वर्षी आणि स्त्रियांस अठ्ठावन्नाव्या वर्षी सवलत देत असे. ती मार्च २०२० मध्ये महामारीच्या निमित्ताने स्थगित झाली आणि महामारी गेल्यावरही परत आली नाही. म्हणजे एकच गृहस्थ ६२ व्या वर्षी मंत्रालयात ज्येष्ठ, एसटीत प्रौढ आणि रेल्वेत केवळ प्रवासी असतो.

पुढे ऑगस्ट २०२२ मध्ये पंचाहत्तरी पूर्ण केलेल्यांना एसटीचा प्रवास मोफत झाला. येथे आम्हांस गोविंद बल्लाळ देवलांची आठवण झाल्याशिवाय राहत नाही. १८९९ सालच्या 'संगीत शारदा'त कोवळ्या मुलीशी लग्न करावयास निघालेला जो भुजंगनाथ त्यांनी रंगविला, तो नेमका पाऊणशे वयाचा. देवलांनी जे वय थट्टेसाठी निवडले तेच परिवहन महामंडळाने सन्मानासाठी निवडावे, हा निव्वळ योगायोग असला तरी मोठा रम्य आहे: आजचा भुजंगनाथ मुलगी पाहावयास निदान तिकिटावाचून जाऊ शकेल.

वयाचा खरा निवाडा जर कोठे होत असेल तर तो एसटीत होतो, आणि तो करणारा कंडक्टर हा भूमी अभिलेख खात्यातील कोणत्याही भूकरमापकाहून अधिक अनुभवी असतो. लग्नसराईत यवतच्या थांब्यावर चढलेल्या, डोक्याला कालच कलप लावलेल्या आणि मिशांना तो लावावयास विसरलेल्या एका आबांशी झालेला त्याचा संवाद आम्ही मागच्या बाकावरून ऐकला तो असा:

"आबा, फुल्ल का हाफ?"

"हाफ. पासष्ट कवाच झाली."

"कार्ड बघू." कंडक्टरने कार्डावरचे पांढऱ्याशुभ्र केसांचे छायाचित्र पाहिले, समोरचे काळेभोर डोके पाहिले, आणि गंभीरपणे म्हटले, "आबा, हे तुमच्या वडलांचं दिसतंय."

"वडील आसते तर फुकट आले आसते," आबा तितक्याच गंभीरपणे म्हणाले. "फाड हाफ."

कंडक्टरने यंत्राची कळ दाबली. शेजारी बसलेल्या बाईंनी मात्र असा कोणताच पुरावा दाखविला नाही, आणि त्यांना कोणी विचारलाही नाही; मार्च २०२३ पासून सर्वच वयाच्या स्त्रियांना अर्धे तिकीट झाल्याने चारचौघांत वय सांगण्याच्या संकटातून महाराष्ट्रातील स्त्रीजात मुक्त झाली आहे. लोक या योजनेच्या खर्चाचा हिशेब मांडतात. तिच्यातील दाक्षिण्य कोणाच्या लक्षात येत नाही.

या सर्व धामधुमीत ज्याचा कोठेच नामोल्लेख नाही तो मध्यमवयीन मनुष्य. त्याच्यासाठी मंडळ नाही, संघ नाही, महोत्सव नाही, आणि ज्याअर्थी योजना नाही त्याअर्थी तो अस्तित्वातही नाही. कासुर्डीत पंचेचाळीस वर्षांच्या मनुष्याला 'तुम्ही तरुण की म्हातारे?' असे विचारले तर तो निवडणुकीच्या सुमारास पहिले आणि पाठ धरलेली असेल त्या दिवशी दुसरे उत्तर देतो. 'मधला' असे उत्तर कोणी देत नाही. वास्तविक गाव त्याच्याच पाठीवर चालते. कालव्याला आवर्तन सुटले की रात्री दारे धरावयाला तो जातो, ऊसतोडीची टोळी आणावयाला उचलीचे पैसे घेऊन तो जातो, बापाच्या मोतीबिंदूला पुण्यास आणि मुलाच्या प्रवेशाला आणखी कोठे तोच जातो. आणि सोसायटीच्या सचिवाने कर्जाच्या कागदावर सही मागितली की, "आबांना इचारून सांगतो," असे म्हणून परत येतो.

कारण सातबारा आबांच्या नावावर आहे. शहाण्यासुरत्या पंडितांनी तारुण्याची सीमा केसांवरून, दातांवरून, गुडघ्यांवरून ठरविण्याचा व्यर्थ खटाटोप केला. गावाने ती केव्हाच फेरफारावरून ठरवून टाकली आहे. ज्या दिवशी वारसनोंदीचा फेरफार मंजूर होतो त्या दिवशी मनुष्याचे पोरपण संपते, मग त्या दिवशी तो तिशीत असो वा साठीत. साठीतला असेल तर त्याची मोठी तारांबळ उडते, कारण सकाळी तो 'आबांचं पोरगं' असतो आणि दुपारी तलाठी कार्यालयातून बाहेर पडताना स्वतःच आबा झालेला असतो. मधल्या वयासाठी त्याला जेवणाची सुट्टी तेवढी मिळते. याचा सल काहींच्या मनात राहतो. वडील शंभरी गाठोत अशी प्रार्थना ते मनोभावे करतात, फक्त पंच्याऐंशीनंतर तिच्यातला आवाज किंचित खाली येतो.

आषाढवारीच्या दिवसांत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरचा मुक्काम हलवून याच रस्त्याने यवतच्या पिठलं-भाकरीकडे निघते, तेव्हा ही सारी मोजणी एक दिवस तहकूब होते. रस्त्याच्या कडेला 'युवा मंच' अशा कमानीखाली केळी वाटणारे कार्यकर्ते उन्हाने कासावीस होऊन खुर्च्या शोधीत असतात, आणि डोक्यावर तुळस घेतलेली, सत्तरीच्या अलीकडे खचित नसलेली एखादी आजी त्यांच्यापुढे थांबून, "बसा बाळांनो, दमला आसाल," असे म्हणत दोन केळी उचलून चालू लागते. तिला ज्येष्ठ नागरिक म्हणण्याचे धैर्य आजवर एकाही शासन निर्णयास झालेले नाही. महर्षी कर्वे एकाहत्तराव्या वर्षी जगप्रवासाला निघाले आणि शताब्दीच्या वर्षी, १९५८ मध्ये, त्यांना भारतरत्न मिळाले, तेव्हा लोकांना अचंबा वाटला. आजीला तो वाटला नसता, फक्त कर्वे बोटीने का गेले एवढेच तिने विचारले असते.

असो. तक्रार करून भागत नाही, उपाय सुचविला पाहिजे. आमची शासनास नम्र सूचना अशी, की 'मध्यमवयीन सन्मान योजना' विनाविलंब जाहीर करावी, तिच्यात दरमहा १५०० रुपये ठेवावेत आणि अर्जासोबत केवळ एक स्वयंघोषणापत्र घ्यावे, की अर्जदार तरुणही नाही व वृद्धही नाही. पहिल्या दिवशी कोणी फिरकणार नाही, कारण असे प्रतिज्ञेवर लिहून देण्याची लाज प्रत्येकास वाटेल. दुसऱ्या दिवशी रकमेची बातमी पारावर पोहोचेल आणि दौंडच्या तहसील कचेरीसमोर रांग लागेल. तिच्यात सत्तावीस वर्षांचे युवा नेते कानशिलांना चुना लावून उभे असतील, पंचाहत्तरीचे आबा कलप लावून उभे असतील, तरुण मंडळाचे अध्यक्ष आपण कधीच तरुण नव्हतो याची दोन साक्षीदारांनिशी खातरजमा करून देत असतील, आणि सेतू केंद्रातला मुलगा प्रत्येकाला, "काका, तारीख कंची टाकू?" असे विचारीत असेल. चौथ्या दिवशी संध्याकाळी, पायाला चिखल लागलेला, दारे मोडून थेट आलेला एक मनुष्य खिडकीशी येईल आणि आत डोकावेल. तो खरोखरीच पंचेचाळीसचा असेल. त्याला सांगण्यात येईल, की पोर्टल बंद झाले.